फुलाखालच्या चिठ्ठीवरचं नाव

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचं शब्दांकन)

स्वयंपाक उरकून बसल्या असाल, नाहीतर निवडायला भाजी घेऊन बसल्या असाल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या.

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि मग फुलांच्या प्रदर्शनाचा विषय निघाला. थंडीत आपल्याकडं कृषी प्रदर्शनं भरतात, जत्रा भरतात, आणि कुठं कुठं फुलांच्या स्पर्धाही असतात. यंदा गटातल्या सगळ्यांनी फुलं ठेवायची, कुणी नुसती तोडलेली, कुणी पुष्परचना, असं ठरलं. कोपऱ्यात माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांना मी आत्याच म्हणते. त्या म्हणाल्या, "ठेवा की. पण चिठ्ठीवर नाव कुणाचं लिहिणार?"

सगळ्या हसल्या, मी नाही हसले. त्याचं कारण आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी शेवंती ठेवली होती. विहिरीकडच्या दोन सऱ्या, लावल्या मी, खुडल्या मी, कळ्या मोडल्या मी. रात्री बादलीत देठ बुडवून ठेवली, पहाटे एसटीनं मांडीवर धरून नेली. अर्जावर छापलं होतं, 'शेतकऱ्याचे नाव'. टेबलावर बसलेल्या माणसानं विचारलं, सातबारा कुणाच्या नावावर? मी मालकांचं नाव सांगितलं. त्यानं तेच लिहिलं आणि चिठ्ठी माझ्याच फुलांपुढं उभी केली. आमचे मालक त्या दिवशी कारखान्यावर होते. शेवंतीच्या कळ्या का मोडतात हे त्यांना आजही विचारा, सांगता यायचं नाही.

बक्षीस मिळालं नाही, आणि त्यात कुणाचा दोष नाही. यादीत सहा फुलं मागितली होती, मी सात ठेवली. मला वाटलं, एक जास्त दिसलं तर बरंच. परीक्षकांनी बाजूला चिठ्ठी ठेवली, 'यादीप्रमाणे नाही'. चूक माझी होती आणि नाव लागलं मालकांचं. घरी आल्यावर ते म्हणाले, "माझ्या नावानं हरलीस होय!" तेव्हा हसायला आलं, पण नंतर मात्र ते मनातून जाईना. म्हणून मी वाचायला लागले. ही फुलांची प्रदर्शनं आली कुठून, त्यात पहिली नावं कुणाची लागली, बायका त्यात कधी शिरल्या. जे सापडलं ते आज सांगते.

सुरुवात आपल्या घरापासून करू. फुलं मांडणं आपल्याला कुणी इंग्रजानं शिकवलं नाही. भाद्रपदात तेरड्याची गौर कोण सजवतं? मंगळागौरीला पत्री रचून कोण ठेवतं? नवरात्रात घटावर रोजची माळ कोण सोडतं? आत्या पन्नास वर्षं देवीची वेणी करतात. केळीचं सोपट भिजवून चिरतात, त्याच्या दोऱ्यात अबोली आणि शेवंती अशी बसवतात की देवळातून वेणी उतरवेपर्यंत एक फूल गळत नाही. त्या वेणीवर नाव नसतं. असायचं कारणही नाही, ती देवीची.

आपल्या काटेवाडीचंच बघा. तुकोबारायांची पालखी बारामतीहून निघून आपल्याकडं येते तेव्हा परीट बांधव धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि मग मेंढ्यांचं रिंगण होतं. पालखी पुढं सणसरला मुक्कामाला जाते. कुणाचं धोतर कुठं अंथरलं होतं हे कुणी लिहून ठेवत नाही. सेवेचा तो रिवाजच आहे आणि तो मला आवडतो. पण सेवा वेगळी आणि स्पर्धा वेगळी. स्पर्धेत चिठ्ठी असते, आणि चिठ्ठी असली की तिच्यावर नाव कुणाचं हा प्रश्न येतोच.

फुलं मांडण्यावरून नाव मिळालेलं एक घराणं आपल्या शेजारचंच आहे. महात्मा जोतीराव फुल्यांचं मूळ आडनाव गोऱ्हे. गाव साताऱ्याकडचं कटगुण. तिथून कुटुंब पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आलं आणि पुढं पुण्याला. जोतीरावांचे वडील गोविंदराव आणि त्यांचे भाऊ पुण्यात फुलांच्या धंद्यात शिरले. पेशव्यांच्या वाड्यात फुलं पोचवायची, हार-तुरे करायचे, फुलांच्या गाद्या आणि गालिचे रचायचे. काम इतकं नावाजलं गेलं की दुसऱ्या बाजीरावानं त्यांना पस्तीस एकर जमीन इनाम दिली आणि लोक त्यांना 'फुले' म्हणायला लागले. पुढं ती जमीन थोरल्या भावानं एकट्याच्या ताब्यात ठेवली आणि गोविंदरावांनी फुला-भाजीचं दुकान काढलं. जमिनीवर नाव कुणाचं, हे भांडण तेव्हापासूनचं आहे म्हणायचं.

आता फुलांचा गालिचा रचायचा म्हणजे काय काम असतं ते तुम्हाला सांगायला नको. शेकडो ओंजळी फुलं निवडायची, देठं खुडायची, रंग वेगळे करायचे. एवढं सगळं त्या घरातल्या नुसत्या पुरुषांनी ओढलं असेल असं मला वाटत नाही. पण त्या घरातल्या कुणा बाईचं नाव त्या कामाशी जोडून राहिलेलं नाही. पुढच्या पिढीत मात्र त्याच घरात नायगावहून सून आली, सावित्रीबाई. जन्म ३ जानेवारी १८३१. त्यांनी शाळेत शिकवलं हे आपल्याला पाठ आहे. पण १८५४ साली त्यांनी कवितांचं पुस्तक छापलं, त्याचं नाव 'काव्यफुले', आणि त्यात जाईवर, गुलाबावर, पिवळ्या चाफ्यावर कविता आहेत, हे किती जणींना माहीत आहे? फुलांच्या घरातल्या बाईचं नाव फुलांच्या पुस्तकावर छापलं गेलं ते असं.

आता प्रदर्शनाकडं येऊ. यादी, नियम, टेबल, परीक्षक, पहिला नंबर, दुसरा नंबर, ही पद्धत इंग्रजांबरोबर आली. त्यातला एक माणूस आपल्या ओळखीचा निघाला. विल्यम कॅरी. बंगालमध्ये श्रीरामपूरला राहणारा पाद्री. यानं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली मराठीचा कोश काढला. याच कॅरीला बागेचं वेड होतं. १८२० साली त्यानं कलकत्त्यात शेती आणि बागाईची संस्था काढली. ती संस्था भाज्यांची, फळांची, फुलांची प्रदर्शनं भरवायची. त्यात देशी माळ्यांना रोख बक्षिसं असत, कोबी, फुलकोबी, वाटाणा असं काही उत्तम पिकवलं म्हणून. बागेच्या हौशी मालकांसाठी पदकं असत.

इथं मी जरा थांबले. पैसे माळ्याला आणि पदक साहेबाला. वाईट मुळीच नाही, गरिबाला पैसे हवेच असतात. पण पैसे चार दिवसांत खर्च होतात आणि पदक काचेच्या कपाटात राहतं, नातवंडांना दाखवता येतं. माळ्याच्या नातवंडांना काय दाखवायचं?

आपल्या बाजूला तशीच संस्था १८३० साली निघाली, पश्चिम हिंदुस्थानची कृषी-बागाईत संस्था. मुंबईतला भायखळ्याचा राणीचा बाग याच संस्थेनं उभा केला, तो १८६२ साली उघडला. १८७३ नंतर तो महापालिकेकडं गेला. पुण्यात आज एम्प्रेस गार्डन सांभाळते ती याच नावाची संस्था. एम्प्रेस गार्डनला आधी 'सोल्जर्स गार्डन' म्हणत, म्हणजे गोऱ्या शिपायांची बाग. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याची द्वाही १८७७ साली फिरली, आणि बागेचं नाव तिच्यावरून पडलं. बघा, बागेला बाईचं नाव लागलं, पण बाई राणी होती तेव्हा लागलं. तिथं दर जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, फुलांचं मोठं प्रदर्शन भरतं. तोडलेली फुलं, कुंडीतली झाडं, बोन्साय, पुष्परचना, भाजीपाला, मुलांची चित्रकला, सगळं असतं. ज्यांना जमेल त्यांनी एकदा बघून यावं. उशीर केला तर पहिल्या दिवसाची टवटवी दिसत नाही.

त्याच काळात पुण्यात वुड्रो नावाचे एक साहेब होते. गणेशखिंडची सरकारी वनस्पती बाग १८७३ साली झाली, तिचं काम ते बघत आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. कोणतं बी केव्हा पेरायचं, पाणी किती, छाटणी कशी, सगळं त्यात. वाचणारे साहेब आणि मडमा. करणारा माळी, त्याला इंग्रजी येत नव्हतं. आणि माळ्याच्या बरोबर वाफ्यात बसून खुरपणारी माळीण, तिला तर कुणी काही विचारलंच नसेल. बंगल्याच्या बागेत मडमेला मान होता, कारण बाग ही घराची शोभा आणि घर तिचं. फुलांच्या प्रदर्शनात बायकांना जागा मिळाली ती अशी, आधी मडमांना, मग शहरातल्या शिकलेल्या बायकांना. पण जागा मिळाली हे खरं. एकदा दार किलकिलं झालं की कुणी ना कुणी पाय घालतंच.

उटीला फुलांचं प्रदर्शन १८९६ पासून भरतं. लंडनला चेल्सी नावाच्या भागात १९१३ पासून भरतं, ते जगातलं सगळ्यात गाजलेलं. पण मला त्याहून जवळची वाटली ती कॅनडातल्या एका बाईची गोष्ट, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

ॲडलेड हूडलेस तिचं नाव. १८८९ साली तिचं तान्हं मूल गेलं. दूषित दुधानं गेलं असं तिला कळून आलं. ते दूध घरात यायचं उघड्या भांड्यातून, माशा बसलेलं. तिला लागून राहिलं की मी शिकलेली बाई, आणि मला हे कसं कळलं नाही. ती गावोगाव बोलायला लागली. शेतकऱ्यांच्या सभा होतात, बैलाला काय घालावं यावर तास-तास बोलतात, मग पोराला काय घालावं यावर बायकांची सभा का नको, असं तिचं म्हणणं. १८९७ साली स्टोनी क्रीक नावाच्या गावात शेतकऱ्यांच्या बायकांचं पहिलं मंडळ सुरू झालं. १९१५ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, ही कल्पना इंग्लंडकडं आली आणि वेल्समधल्या एका खेड्यात तिकडचं पहिलं मंडळ निघालं. युद्धामुळं धान्य-भाजीची टंचाई, म्हणून परसात पिकवा, टिकवा, साठवा, हे त्यांचं पहिलं काम.

ही मंडळं म्हणजे थोडीफार आपले बचत गटच. महिन्याला बैठक, कुणीतरी काही शिकवायचं, चहा, आणि वर्षाला एक प्रदर्शन. टेबलावर मुरांबे, लोणची, विणकाम आणि फुलं. प्रत्येक बरणीपुढं, प्रत्येक फुलदाणीपुढं चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर करणारीचं नाव. खेड्यातल्या ज्या बायकांचं नाव लग्नाच्या आणि मरणाच्या नोंदीशिवाय कुठं लिहिलं जात नव्हतं, त्यांचं नाव दरवर्षी शेजारणींनी वाचलं. शहरातल्या मोठ्या प्रदर्शनांपेक्षा गावातलं हे टेबल मला जास्त मोलाचं वाटतं. तिथं परीक्षकही आपल्याच असतात, रुसवे-फुगवेही होतात, आणि कुणाच्या मुरांब्याला पहिला नंबर गेला हे वर्षभर चघळलं जातं. होऊ दे की.

मधेच एक गंमत सांगते. परवा एक ताई मला म्हणाल्या, प्रदर्शनात आपली देशी फुलंच ठेवू, विदेशी नकोत. मी म्हटलं, देशी कोणती? त्या म्हणाल्या, झेंडू. बायांनो, झेंडू मेक्सिकोचा! समुद्रापलीकडून पोर्तुगीजांच्या काळात आला आणि आज त्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही. गुलछडी तिकडचीच, डेलिया तिकडचा, झिनिया तिकडचा. देवळापुढचा पांढरा चाफाही अमेरिकेकडून आलेला. ॲस्टर चीनचा, ग्लॅडिओलस आणि जरबेरा आफ्रिकेचा. फूल सासरी येतं आणि घरचं होतं, आपल्यासारखंच. ती ताई नंतर बराच वेळ झेंडूकडं बघत बसली होती.

आणि ॲस्टरची पुढची गोष्ट ऐका. ज्या गणेशखिंडच्या बागेत वुड्रो साहेब होते, ती आज महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडं आहे. तिथून ॲस्टरचे वाण निघाले, 'फुले गणेश व्हाईट', 'फुले गणेश पिंक', 'फुले गणेश व्हायोलेट', 'फुले गणेश पर्पल'. गुलछडीचा 'फुले रजनी' हा वाणही याच विद्यापीठाचा. बियाण्याच्या पुडीवर हे नाव पुढं बघाल तेव्हा ध्यानात ठेवा, ज्या घराला फुलांवरून नाव पडलं, त्या घराचं नाव आता फुलांना पडलंय.

आता आपल्या भागाकडं. आपला मुलूख पूर्वी भीमथडी तालुका, कचेरी बारामतीला. घोड्यांसाठी नावाजलेला आणि पाण्यासाठी रडणारा. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला, त्यानंतर नीरेचा डावा कालवा झाला, १८८५ च्या सुमाराला त्यातून पाणी सुटलं आणि बारामती-इंदापुरात ऊस आला. उसात पैसा आला, पण ऊस पुरुषांचं पीक राहिलं. नोंद त्यांच्या नावावर, बिल त्यांच्या नावावर. परसातली, बांधावरची, विहिरीच्या थारोळ्यावरची फुलं आपली. त्यांचा कुणी हिशोब ठेवला नाही म्हणून ती आपली राहिली, असं मला कधी कधी वाटतं.

तरी या मातीत बाईचं नाव पुढं यायचं काही नवीन नाही. आपल्याच काटेवाडीच्या पवारांच्या घरातल्या शारदाबाई १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. तेव्हा आरक्षण नव्हतं, पंचायत राज नव्हतं. तान्हं मूल घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीला गेल्या होत्या, हे आपल्याकडं सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मग १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखांनी बायका जमल्या, आणि पुढं 'लक्ष्मीमुक्ती' नावानं चळवळ निघाली की बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करा. ज्या गावात शंभर घरांनी केली ते गाव लक्ष्मीमुक्तीचं गाव. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला त्याच नावाची सरकारी योजनाही आहे. १९९४ साली महाराष्ट्रानं महिला धोरण आणलं, आणि त्याच वर्षी वडिलांच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क देणारा कायदाही आपल्या राज्यात झाला. २००६ पासून पुण्यात भीमथडी जत्रा भरते. आपल्या गटांच्या कितीतरी बायका तिथं चुलीपुढं भाकऱ्या थापतात आणि पुण्याची माणसं रांगेत उभी राहतात. स्टॉलवर पाटी असते, गटाची. हे सगळं एका दमात सांगितलं, कारण तुम्हाला ते माहीतच आहे. सांगायचं एवढंच की सातबाऱ्यावर नाव चढायला वकील, तलाठी आणि घरच्यांची मर्जी लागते. फुलाच्या चिठ्ठीवर नाव चढायला नुसता पेन लागतो. तरी मी तेव्हा ते केलं नाही. कुणी अडवलं नव्हतं. मला सुचलंच नाही.

आता थोडं कामाचं बोलते, नाहीतर इतिहास ऐकून परत सात फुलं ठेवाल.

अर्जाबरोबर यादी मिळते, ती आधी वाचा, दोनदा वाचा. सहा म्हणजे सहाच. 'एकाच जातीची' म्हटलं असेल तर रंगही सारखा असू द्या. परीक्षक काय बघतात? ताजेपणा, आकार, सगळी फुलं एकमेकींसारखी आहेत का, देठ सरळ आणि फुलाला पेलणारा आहे का, पानं निरोगी आहेत का, कीड-डाग आहे का. एक फूल ताटलीएवढं आणि बाकीची वाटीएवढी, असं असलं की नंबर जातो. सहा मध्यम पण जुळ्या बहिणींसारखी बरी. गुलाब पूर्ण फुललेला नेऊ नका. अर्धा ते पाऊण उमललेला न्या, टेबलावर तो दुपारपर्यंत उमलतो.

फुलं तोडायची ती संध्याकाळी उन्हं उतरल्यावर किंवा पहाटे. देठ तिरका कापायचा, खालची पानं काढायची, लगेच स्वच्छ पाण्यात गळ्यापर्यंत बुडवायचा आणि रात्रभर सावलीत, वारा लागणार नाही अशा जागी ठेवायचा. शेवंतीच्या एका देठावर एकच मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या कळ्या लहान असतानाच मोडाव्या लागतात. माझा हात सुरुवातीला थरथरायचा, कळी मोडायची म्हणजे काय! पण सगळ्या ठेवल्या तर एकही भरत नाही.

पुष्परचनेचं जरा वेगळं. तिथं फूल किती मोठं हे बघत नाहीत, मांडणी बघतात. साधारण हिशोब असा, भांड्याच्या दीडपट उंची. सगळ्यात उंच काडी आधी, मोठी आणि गडद फुलं खाली, कळ्या आणि हलकी फुलं वर आणि कडेला. मधे मोकळी जागा सोडा. आपल्याला वाटतं भरगच्च म्हणजे छान, कारण आपण हार आणि वेण्या करतो, तिथं फट दिसली तर चूक. रचनेत फट लागते. जपानी पद्धतीच्या रचनेत तर तीन काड्या आणि एक पान एवढ्यावर काम भागवतात. त्यांचीही सुरुवात देवापुढं, बुद्धापुढं फुलं वाहण्यातनंच झाली.

देठ उभे राहायला शहरात हिरवा स्पंज वापरतात. तो १९५४ साली अमेरिकेत निघाला. दिसतो छान, पण ते प्लास्टिक आहे, मातीत जिरत नाही, आणि विकत आणावं लागतं. आपल्याकडं केळीचा खुंट आहे. वीतभर तुकडा कापा, बुड सपाट करा, परातीत ठेवा, काडीनं भोक पाडून देठ खोचा. ओल तोच धरतो. नाहीतर पसरट भांड्यात ओली वाळू. आणि भांडं म्हणाल तर तांब्या, परडी, जुनं मापाचं शेर-मापटं, सूप, काहीही. माझ्या मनात यंदा उसाचं वाढं आणि तुरा घालून रचना करायची आहे, गुऱ्हाळाच्या काहिलीत झेंडू मांडून. यादीत बसतं का ते अजून बघायचं आहे. मालक म्हणाले, काहिल उचलून कोण नेणार? मी म्हटलं, तुम्ही. चिठ्ठीवर नाव माझं.

तर अर्ज आले. परवा दुपारी आमच्या ओट्यावर सात-आठजणी बसून भरत होतो. या वेळच्या अर्जावर 'स्पर्धकाचे नाव' छापलंय, शेतकऱ्याचं नाही. आत्यांना मी म्हटलं, तुम्ही वेणी ठेवा, हार-वेणीचा वेगळा गट आहे. त्या नको-नको म्हणाल्या, देवीची वेणी स्पर्धेला कशी ठेवायची. मी म्हटलं, देवीची देवीला करा, ही दुसरी करा. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कुठलं नाव लिहू?"

मला कळेना. म्हणाल्या, "दोन आहेत मला."

तुम्हाला माहीत आहे आपल्याकडची रीत. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात आणि आईनं ठेवलेलं नाव माहेरीच राहतं. आत्यांचं सासरचं नाव मी बावीस वर्षं ऐकतेय, रेशनकार्डावर तेच, आधारवर तेच. माहेरचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. मालकांनाही नाही, पोटच्या पोराला! आणि ती वेणी शिकवली कुणी, तर त्यांच्या आईनं, लग्नाआधी, त्या जुन्या नावाच्या मुलीला.

प्रदर्शनवाल्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, ओळखपत्रावरचं नाव अर्जावर लिहा, टेबलावरच्या चिठ्ठीवर कंसात दुसरं लिहिलं तर आमची हरकत नाही. आत्यांनी दोन्ही नावं स्वतः लिहिली, कंस मी काढून दिला.

ते माहेरचं नाव काय ते रेडिओवर सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे. वेणीच्या टेबलाशी या आणि वाचा. सकाळी लवकर या, अबोली दुपारी मान टाकते.